धानवीराची ताकद

लवकर पिकणारा हलका धान कापून होतो आणि उशिराचा भारी धान अजून शेताच्या बांध्यांमध्ये उभा असतो, त्या मधल्या दिवसांत आमच्या भंडाऱ्याकडे मंडया भरतात. मंडई म्हटलं की बाहेरच्या माणसाला भाजीबाजार आठवतो. आमची मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला, आज इथे तर उद्या शेजारी. लेकी माहेरी येतात. जावई नवे बूट घालून धुळीतून जपून चालतात. उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्यांतून वाफ निघते, आलूबोंड्याच्या कढईभोवती पोरं घोटाळतात, आणि या सगळ्याच्या खाली कापलेल्या धानाचा तो ओलसर, गोडसर वास पसरलेला असतो. भर दुपारी गावातल्या मोकळ्या जागेत ढोलकी कडाडते आणि दंडार सुरू होते. गाणी, सोंगं, बायकांच्या वेषातले पुरुष, आणि हसून हसून वाकलेली माणसं.

हा वास आला की लोकांना बालपण आठवतं. माझे कान गरम होतात. लाज वाटली की आधी माझे कान तापतात, मग मान, मग हाताचे तळवे. शाळेत असल्यापासून असंच आहे.

माझे बाबा दंडारीत काम करतात. अड्याळपासून आत आमचं गाव, तिथं आमची धानाची शेती. बाबा कधी राक्षस झाले, कधी राजा झाले, एकदा तर बिबट्याही झाले. पण पुढं पुढं पोरं दंडारीला येईनाशी झाली. आली तरी ढोलकीकडे पाठ करून मोबाइलमध्ये डोकं घालून बसायची. तेव्हा बाबांनी स्वतःच्या डोक्यातून एक नवं सोंग काढलं. धानवीर. मायच्या जुन्या हिरव्या लुगड्याची पाठीवर झूल, छातीवर जरीनं विणलेली धानाची लोंबी, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंडाला थापलेला हिरवा रंग. दंडारीत बायकांची सोंगं करणारे नत्थूकाका हे बाबांचे जिवाभावाचे दोस्त. त्यांनी बांबू आणि थर्माकोलचा लालभडक ट्रॅक्टर बनवला. गोष्ट अशी की एक मस्तवाल माणूस भरधाव ट्रॅक्टर चालवत येतो, रस्त्यात एक लेकरू खेळत असतं, आणि धानवीर झेप घेऊन तो ट्रॅक्टरच डोक्यावर उचलून धरतो. पोरं वेडी झाली. मोबाइल वर झाले, पण आता धानवीराचे व्हिडिओ काढायला.

मी तेव्हा नागपूरला शिकत होते. वसतिगृहातल्या मैत्रिणीनं तो व्हिडिओ दाखवला तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं ते बाबांचं पोट. झुलीच्या खाली, पट्ट्याच्या वर, ढोलकीच्या तालावर हलणारं. मैत्रीण हसत होती. मी पाणी प्यायला उठले.

पुढं मला नोकरी लागली, घरापासून तासाभराच्या अंतरावरच्या एका ज्युनिअर कॉलेजात. भौतिकशास्त्र शिकवायचं. नवी साडी, नवा चष्मा, आणि 'मॅडम' या हाकेची अजून सवय न झालेली. दिवाळीच्या सुट्टीआधीचे दिवस होते. कार्य आणि शक्ती हा धडा चालू होता. मागच्या बाकावर खुसखुस झाली, मी दरडावलं, तर एका पोरानं मोबाइलच पुढं केला.

"मॅडम, हे पाहा ना. हा खराखुरा असता तर किती ताकद लागली असती याले?"

पडद्यावर बाबा होते. ट्रॅक्टर डोक्यावर, गाल फुगवलेले.

मी हसले. चांगला प्रश्न होता, आणि नव्या शिक्षकाला वर्ग असा आपणहून हातात येतो तेव्हा सोडवत नाही. मी खडू घेतला. ट्रॅक्टर धरा दोन टनांचा. म्हणजे नुसता तोलून धरायलाच वीस हजार न्यूटनच्या आसपास बळ हवं. आपला शेतकरी सत्तर किलोचं धानाचं पोतं पाठीवर घेतो. अशी तीसेक माणसं एका अंगात कोंबायची. आता हा गडी ट्रॅक्टर नुसता धरत नाही, एका सेकंदात जमिनीवरून डोक्यावर नेतो. उंची दोन मीटर. चाळीस किलोवॅट. पन्नासावर अश्वशक्ती!

"म्हणजे मॅडम, जो ट्रॅक्टर उचलून राहिला त्याचंच इंजिन याच्या पोटात हाय!"

वर्ग हसून कोसळला. मलाही चेव आला. "आणि हे सगळं वजन कशावर येतं? दोन तळपायांवर. पाच लाख पास्कल दाब. बांधीतल्या चिखलात उभा राहून उचलला असता तर धानवीर कमरेपर्यंत गाडला गेला असता. मग त्याला काढायला दुसरा धानवीर!"

पोरं बाक बडवायला लागली. त्या गलक्यात मोबाइलवाल्या पोरानं विचारलं, "मॅडम, हा तुमच्याच गावचा व्हय ना? ओळखता का तुम्ही याले?"

"नाही," मी म्हणाले. "ओळखत नाही."

दुसऱ्या बाकावर वैष्णवी बसली होती. आमच्या घरासमोरचं घर तिचं. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून तिनं सगळ्या मंडया पाहिल्या होत्या. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घालून फळ्यावरचं गणित उतरवायला लागली. मी फळा पुसला. हाताचे तळवे इतके तापले होते की खडूची भुकटी त्यांना चिकटून बसली.

सुट्टीत घरी गेले तर बाबा दारातच उभे. मी चप्पल काढायच्या आत म्हणाले, "वैष्णवी सांगत होती. वर्गात माहा हिसाब केला म्हने तू!"

माझी चप्पल पायातच राहिली. पण बाबांचा चेहरा तर फुललेला होता. "तीस मानसायची ताकद! आनि इंजिन म्हने पोटात! नत्थूले सांगतलं तर तो म्हनते, मी आधीच सांगत होतो, तुह्या पोटात काहीतरी हाय म्हनून."

ते हसले. मीही हसले. वैष्णवीनं तेवढंच सांगितलेलं दिसतंय, असं वाटून मला किती हलकं वाटलं ते आजही आठवतं.

जेवताना बाबा भाताचा घास हातातच धरून म्हणाले, "बाई, एक सांग. उचलनं तं कोनाच्या बापाच्यानं होत नाही. पन वढनं? खरा ट्रॅक्टर वढता येईन का मानसाले?"

"कायले वढता आता?" माय म्हणाली. "गुडघे पाहा स्वतःचे."

"तू थांब. शास्त्राले इचारून राहिलो मी."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. पण प्रश्न खरोखर सुटणारा होता, आणि सुटणारा प्रश्न समोर आला की मला राहवत नाही. मी सांगितलं, ओढायला सगळं वजन पेलावं लागत नाही. गिअर न्यूट्रलमध्ये, जमीन सपाट आणि कडक, टायरांत हवा भरलेली, तर साठेक किलोच्या ओढीनं दोन टनांचा ट्रॅक्टर सरकतो. दोर खांद्यावरून घ्यायचा, शरीर पुढं झुकवायचं, पाय घसरू द्यायचे नाहीत.

त्यानंतरचे चार-पाच दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी होते, हे सांगताना आता जीभ अडखळते. रोज सकाळी आम्ही दोघं शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरपाशी खळ्यात जायचो. खळं चोपून चोपून दगडासारखं झालेलं. बाबा दोर छातीशी बांधायचे, मी मागून ओरडायची, "झुका, अजून झुका, झटका नका देऊ!" पहिल्या दिवशी ट्रॅक्टर हललाच नाही. दुसऱ्या दिवशी चाकं थोडी कुरकुरली. आणि तिसऱ्या की चौथ्या सकाळी, धुकं अजून तळ्यावरून उठलेलं नव्हतं, ते लाल धूड हळूच सरकलं. हातभर. मग दोन हात. बाबा वळून पाहायलाही तयार नव्हते. "गेला का? गेला का?" एवढंच विचारत पुढं ओढत होते. मी टाळ्या वाजवत उड्या मारल्या. बाबा खाली बसले, धापा टाकत, आणि म्हणाले, "आता तुह्या कॉलेजच्या पोरायले बोलाव."

मी त्यांना बोलावलं नाही. बाबांनीच वैष्णवीकरवी निरोप धाडला.

मंडईच्या दिवशी शाळेच्या पटांगणावर माणूस मावत नव्हता. कॉलेजची पोरं भिंतीपाशी उभी होती, मोबाइलवालाही त्यांत होता. मी त्यांना टाळून बायकांत बसणार होते. पण निवेदन करणाऱ्यानं माइकवरून हाक दिली, "आपल्या गावची लेक, फिजिक्सच्या मॅडम, आनि आपल्या धानवीराची सख्खी पोरगी! या मॅडम, धानवीराच्या ताकदीचा हिसाब सांगा!" मोबाइलवाल्या पोरानं चमकून माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं नजर खाली वळवली. माझ्याऐवजी त्यालाच लाजल्यासारखं झालं होतं.

मी माइक घेतला. काय बोलले ते आठवत नाही. बाबा आले. हिरवी झूल, हिरवं तोंड. खऱ्या ट्रॅक्टरला दोर बांधलेला. ढोलकी चढली. बाबा झुकले.

ट्रॅक्टर हलला नाही.

मी पाहिलं तेव्हाच मला कळलं. धूळ उडू नये म्हणून सकाळी टँकरनं पटांगणावर पाणी मारलं होतं. त्याच ओल्या मातीत ट्रॅक्टर सकाळपासून उभा होता आणि त्याची मागची चाकं चांगली चार बोटं रुतली होती. साठ किलोचा हिशेब तिथंच संपला होता; आता तीनशे-चारशे लागले असते. आणि बाबांच्या पायांखालची मातीही तीच. जोर लावला की पाय मागं घसरत होते.

आधी लोकांनी आरोळ्या ठोकून जोर दिला. मग शिट्ट्या आल्या. मग कोणीतरी ओरडलं, "धानवीर, सकाळी जेवला नाही का बे?" आणि हशा पिकला. बाबा ओढत राहिले. झूल खांद्यावरून सुटली. घामानं रंग ओघळून गळ्यात उतरला. मला वाटलं, काहीतरी बोललं पाहिजे. माइक हातात होताच. मी म्हणाले, "माती ओली आहे. माती ओली आहे हो!"

पटांगण हशानं गडगडलं. बापाला जमेना तर पोरगी मातीला दोष देऊन राहिली. मागच्या पोरांनी तर तेच चालीवर म्हणायला सुरुवात केली. त्याच वेळी बाबांचा पाय सटकला आणि ते तोंडावर पडले.

ते उठले. छातीवरची जरीची लोंबी चिखलानं माखली होती. माझ्या हातातला माइक घेतला आणि शांतपणे म्हणाले, "नाही होत राजेहो माह्यानं." दोर सोडला, झूल गोळा करून काखेत घेतली आणि गर्दीतून वाट काढत घरी निघाले. मागं नत्थूकाकांनी घाईघाईनं पदर सावरत एक गाणं सुरू केलं.

घरी गेले तेव्हा बाबा न्हाणीत तोंड धूत होते. हिरवं पाणी मोरीतून बाहेर येत होतं. त्यांनी वर न पाहता म्हटलं, "तुह्या पोरायसमोर तुह्यी मान खाली गेली."

"माती ओली होती, बाबा."

"हो," ते म्हणाले. "पाहिली मी."

मी संध्याकाळची बस पकडली.

सुट्टीनंतर वर्गात कोणी एक शब्द काढला नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ती सतरा-अठरा वर्षांची पोरं इतकी समजूतदारपणे वागत होती की मला फळ्याकडून त्यांच्याकडे वळवेना. मोबाइलवाल्यानं तर त्या वर्षी एकही आगाऊ प्रश्न विचारला नाही. आणि नंतरच्या दोन दिवाळ्या मी मंडईला गेले नाही. पेपर तपासायचे आहेत, असं मायला सांगायची. तिकडून ती म्हणायची, "बरं." फोनच्या मागं कुठंतरी बाबांचं खोकणं ऐकू यायचं. दोघींनाही ठाऊक होतं की दिवाळीच्या सुट्टीत तपासायला पेपर नसतात.

बाबांचं धानवीर होणं थांबलं असेल असं मी धरून चालले होते. थांबलं नव्हतं. "नवीन गंमत टाकली त्यायनं," माय एकदा म्हणाली. "लोक लय बोलावून राहिले." मी विषय बदलला.

या वर्षी भाऊबीजेला माय एकोडीला तिच्या भावाकडे जाणार होती. मामाच्या हातापायाला सूज होती, तिला सोबत हवी होती, म्हणून मी गेले. दुसऱ्या दिवशी एकोडीची मंडई. दंडार कोणाची आहे हे मला मामाच्या अंगणात, ढोलकी ऐकू आल्यावर कळलं. आमच्या गावच्या ढोलकीची थाप मी कुठेही ओळखेन. माय म्हणाली, "जा, पाहून ये. कोनी ओळखत नाही तुले इथं."

कोणी ओळखत नाही म्हणूनच गेले. बायकांच्या गर्दीत, पसरलेल्या पोत्यांवर, अगदी मागं बसले. शेजारच्या बाईच्या मांडीवर लेकरू झोपलेलं, ओटीत शिंगाडे. ती दातांनी ते सोलत होती आणि डोळे समोर लावून बसली होती.

थर्माकोलचा लाल ट्रॅक्टर आला. धानवीर आला. बाबा थोडे वाळले होते. आणि त्यांच्यामागून टाळ्यांच्या कडकडाटात नत्थूकाका आले. नेहमीसारखं नऊवारी नव्हतं. पिन लावून नीट चुण्या घातलेली साडी, डोळ्यांवर काळ्या काड्यांचा चष्मा, एका हातात खडू, दुसऱ्यात डस्टर.

"आली, मॅडम आली!" शेजारची बाई आनंदानं म्हणाली.

नत्थूकाकांनी चष्मा नाकावर सरकवला. मी तसाच सरकवते. "पोरायहो, ध्यान द्या! एक टन बरोबर हजार किलो. हजार किलो बरोबर माह्या सासूचं वजन!" माणसं लोळायला लागली. धानवीरानं दोर खांद्यावर घेतला, झुकला, गाल फुगवले. थर्माकोलचा ट्रॅक्टर, फुंकरीनं उडेल असा, तसूभर हलेना. बाबांच्या मानेच्या शिरा खऱ्याच तट्ट फुगल्या होत्या. मॅडमनं डस्टर हवेत उडवलं, आणि सगळ्या मंडईनं, लेकराबाळांसकट, तिच्याबरोबर एका सुरात म्हटलं, "माती ओली आहे हो!"

माझे कान, मान, तळवे सगळं पेटलं. निघून जावं म्हणून मी गुडघ्यांवर उठले, आणि तेवढ्यात बाबांची नजर माझ्यावर पडली.

दोर त्यांच्या हातातच राहिला. समोर एक गडी लेकराचं सोंग घेऊन, शाळेची हाफपँट घालून उभा होता. त्यानं आपलं वाक्य म्हटलं, "मॅडम, हा धानवीर तुमच्याच गावचा व्हय ना? ओळखता का तुम्ही याले?"

नत्थूकाकांनी तोंड उघडलं, आणि त्यांचा शब्द बाहेर यायच्या आत बाबांनी एकदम वरच्या पट्टीत गाणं सुरू केलं. अवेळी, तालाविना. ढोलकीवाला गडबडला. नत्थूकाका वळून पाहायला लागले. गर्दीतून आवाज आले, "अरे, ते राहिलं!" "मॅडमचं उत्तर राहिलं ना बे!" बाबा ऐकेनात. डोळे मिटून, गळ्याच्या शिरा ताणून गातच राहिले.

म्हणजे वैष्णवीनं त्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. दारात उभं राहून 'हिसाब केला म्हने' म्हणताना त्यांना ते माहीत होतं. भाताचा घास हातात धरून त्यांनी खरा ट्रॅक्टर ओढण्याचं विचारलं, तेव्हाही. धुक्यात धापा टाकत 'पोरायले बोलाव' म्हणाले, तेव्हाही.

मी पुन्हा खाली बसले. शेजारच्या बाईला विचारलं, "काय राहिलं हो?"

"तुमी नाही पाहिली का ही दंडार?" ती म्हणाली. "मी मागच्या साली साकोलीले पाहिली. इथं ती मॅडम म्हनते, मी नाही ओळखत याले. आपल्या सख्ख्या बापाले! लय हासवते तो नत्थू."

"मग? बाप काय म्हणतो?"

"बाप?" तिला आठवूनच हसू फुटलं. लेकरू मांडीवर हिंदकळलं. "बाप हात जोडते नं म्हनते, बरोबर हाय मॅडम, तुमची काही चुकी नाही. माह्या तोंडालेच रंग हाय ना!"

ती हसत राहिली, हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पदरानं ते पुसून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"पाहा," ती म्हणाली, "तुमच्याबी आलं."